लॉख कॅट्रिन: जाताना बोट, येताना सायकल

निकाल आधी सांगते, कारणं मागून. स्कॉटलंडमध्ये सायकलवर एकच दिवस काढता येणार असेल, तर तो लॉख कॅट्रिन या तलावाच्या काठावर काढा. सकाळी ट्रॉसॅक्स पियर या धक्क्यावर सायकल बोटीवर चढवायची, तासाभराने स्ट्रोनाखलाखरच्या धक्क्यावर उतरायचं आणि तलावाच्या वरच्या टोकाला वळसा घालून उत्तर काठाने सुमारे 21 किलोमीटर चालवत परत पियरला यायचं. रस्ता डांबरी आहे, जेमतेम एका गाडीपुरता रुंद आहे आणि बाहेरच्या गाड्यांना त्यावर मज्जाव आहे. बोट, भाड्याची सायकल आणि रस्ता या तिन्हींचा मिळून हा एक दिवस होतो, म्हणून तिन्हींबद्दल एकत्रच लिहिते.

हे कोण सांगतंय, तेही कळायला हवं. माझी सगळी नोकरी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत गेली. मुलगा ग्लासगोत असतो, त्यामुळे तिकडे जाणं होतं. शाळा-कॉलेजात सायकल रोजची होती. पुढे रस्त्यावरच्या गाड्या वाढत गेल्या आणि ती सुटली. मागून हॉर्न वाजला की माझे खांदे आकसतात, हँडल घट्ट धरलं जातं आणि मग आजूबाजूचं काही दिसेनासं होतं. मला चढ चालतो, पाऊस चालतो, मागून येणारी गाडी नको असते. नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. आम्हा दोघांना झेपेल आणि मुलालाही कंटाळा येणार नाही अशी जागा शोधता शोधता इथे आलो, आणि नंतर पुन्हा पुन्हा येत राहिलो.

हा रस्ता इतका मोकळा कसा राहिला, ते कळलं की तो जास्त आवडायला लागतो. लॉख कॅट्रिन हा ग्लासगोच्या पिण्याच्या पाण्याचा साठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ग्लासगो कारखान्यांनी आणि माणसांनी ओसंडून वाहत होतं. क्लाइड नदीचं पाणी तोंडात घालण्यासारखं राहिलं नव्हतं, कॉलऱ्याच्या साथींनी घरंच्या घरं रिकामी केली होती. तेव्हा जॉन फ्रेडरिक बेटमन या इंजिनिअरच्या आराखड्यानुसार इथलं पाणी शहराला न्यायचं ठरलं, आणि 14 ऑक्टोबर 1859 रोजी राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते इथेच योजनेचं उद्घाटन झालं. तलावापासून मलगाय गावाजवळच्या मगडॉक जलाशयापर्यंत सुमारे 41 किलोमीटरचा कालवा, त्यातला बराचसा खडक फोडून काढलेल्या बोगद्यांतून, आणि वाटेत एकही पंप नाही. उतार ठेवला दर मैलाला 10 इंच. मैलाला वीतभर! त्या काळातली मोजणीची साधनं, डोंगराच्या पोटातलं काम, आणि तरी पाणी आपल्या वजनाने वाहत शहरात पोचलं. आजही पोचतं. पाण्याच्या खात्यात काम केलेल्या माणसाला इथे आल्यावर आधी त्या आकड्याला नमस्कार करावासा वाटतो.

पिण्याचं पाणी म्हटलं की त्याचं पाणलोट क्षेत्र जपावं लागतं. म्हणून या काठावर हॉटेलांची रांग नाही, बंगल्यांचा विळखा नाही, कुणाच्या खाजगी मोटरबोटी नाहीत. उत्तर काठचा रस्ता स्कॉटिश वॉटर या सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थेच्या ताब्यात आहे. काठावर राहणारी मोजकी कुटुंबं, शेतीची, जंगलाची आणि पाणी खात्याची वाहनं तेवढी त्यावरून जातात. पायी चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला मात्र खुली वाट आहे. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने खाजगी जमिनीवरूनसुद्धा जबाबदारीने चालत किंवा सायकलने जाण्याचा हक्कच दिलेला आहे. तेव्हा ‘खाजगी रस्ता’ अशी पाटी दिसली तर बिचकू नका. ती गाड्यांसाठी आहे.

काठावरची झाडीसुद्धा या पाण्यापायीच आहे. पूर्वी या उतारांवर मेंढ्या चरत. 2002 साली ग्लासगोच्या पुरवठ्यात क्रिप्टोस्पोरिडियम सापडलं आणि शहराच्या मोठ्या भागाला पाणी उकळून प्या असं सांगावं लागलं. हा परजीवी जनावरांच्या शेणातून पाण्यात येतो, आणि त्याचं कवच इतकं चिवट असतं की नेहमीच्या क्लोरिनला तो दाद देत नाही. तो गाळून काढावा लागतो. मलगायला शुद्धीकरणाचा मोठा प्रकल्प झाला, तो 2007 मध्ये सुरू झाला, आणि इकडे तलावाभोवतीच्या डोंगरांवरून मेंढ्या हलवल्या गेल्या. मेंढ्या गेल्यावर बर्च, ओक, रोवन अशी इथली मूळची झाडं पुन्हा वर यायला लागली. आज हा सगळा परिसर ग्रेट ट्रॉसॅक्स फॉरेस्ट या राखीव निसर्गक्षेत्रात मोडतो. सायकलवरून जाताना डाव्या हाताच्या उतारावर कमरेएवढी, खांद्याएवढी कोवळी बर्च दिसतात, ती मला कुठल्याही जुन्या वाड्यापेक्षा जास्त बघाविशी वाटतात. त्यांच्या मुळांनी धरलेली माती खाली पाण्यात येत नाही, आणि पाणी निवळ राहतं.

आता बोटीबद्दल. इथली जुनी वाफेची बोट ‘सर वॉल्टर स्कॉट’ या नावाची आहे. सर वॉल्टर स्कॉट या कवीच्या 1810 च्या एका दीर्घकाव्यामुळे हा तलाव प्रसिद्ध झाला आणि प्रवाशांची रीघ लागली. बोट 1899 मध्ये डंबार्टनच्या डेनी कारखान्यात बांधली गेली. इथवर बोट आणता येईल अशी नदी नाही, रेल्वे नाही. मग ती पुन्हा सुटी केली, तुकडे तराफ्यांवरून लॉख लोमंड या शेजारच्या तलावातून इनव्हरस्नेडला आणले, तिथून घोडागाड्यांनी डोंगरावरून स्ट्रोनाखलाखरला ओढत नेले आणि काठावर परत जोडले. पुढे कोळशाऐवजी जैवइंधनावर बॉयलर चालवायला सुरुवात झाली. बॉयलरला तडे गेल्याने ती मधली काही वर्षं बंद होती. 2023 मध्ये पुन्हा पाण्यात आली. इंजिन बघायला मिळतं. पितळ लख्ख, दांडे शांतपणे वरखाली, गरम तेलाचा वास. नवरा तिथून हलायला तयार नव्हता.

पण सायकल न्यायची असेल तर तिकीट काढताना नीट बघा. बोटी एकापेक्षा जास्त आहेत, प्रत्येक फेरी स्ट्रोनाखलाखरला जात नाही, काही नुसत्याच तलावात चक्कर मारून परत येतात. हवं आहे ते एकेरी तिकीट, सायकलसह. सायकलींना जागा मर्यादित, म्हणून आधी आरक्षण करणं शहाणपणाचं. चढवताना फळीवर सायकल हातात धरून न्यायची, एकावर एक तिरकी टेकवायची. तुमची इलेक्ट्रिक सायकल जड असेल तर ती आधी जाऊ द्या, म्हणजे तिचा भार दुसऱ्या कुणाच्या चाकावर येत नाही. बसायला डावी बाजू धरा. बेन व्हेन्यू हा 729 मीटरचा राकट डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी एलन्स आयल हे झाडीने गच्च बेट डावीकडेच येतं. उजवा काठ तर पुढे सायकलवरून बघायचाच आहे. स्ट्रोनाखलाखरच्या थोडं अलीकडे, डावीकडेच, रॉयल कॉटेज दिसतं. राणीच्या मुक्कामासाठी ते बांधलं होतं. मानवंदनेच्या तोफा डागल्या, त्यांच्या हादऱ्याने खिडक्यांच्या काचा फुटल्या आणि राणीला तिथे राहता आलं नाही, अशी हकीकत सांगतात. पण माझं लक्ष त्याच्या आसपासच्या काठावर होतं. बेटमनचा बोगदा तिथून सुरू होतो. तलाव भरून वाहतोय आणि त्यातलं ग्लासगोच्या वाट्याचं पाणी त्या डोंगरात शिरतंय, हे बोटीवरून बघताना मी बाकीच्यांना जरा जास्तच माहिती दिली असेन, पण ती द्यायलाच हवी होती.

सायकली पियरवर भाड्याने मिळतात: साध्या गिअरच्या, इलेक्ट्रिक, लहान मुलांच्या. हेल्मेटही देतात. आम्ही नवऱ्यासाठी इलेक्ट्रिक घेतली, मुलाने आणि मी साध्या. दोन गोष्टी निघण्याआधी कराव्यात असं माझं मत आहे. सीटची उंची अशी लावून घ्यायची, की पॅडल तळाला असताना गुडघा जवळजवळ सरळ व्हावा. गुडघे दुखणाऱ्यांनी तर यात अजिबात तडजोड करू नये. आणि गाडीतळावर दोन-चार चकरा मारून सगळे गिअर बदलून बघायचे. इलेक्ट्रिक सायकल पहिल्यांदा चालवणाऱ्याला पॅडलवर पाय टेकताच ती पुढे झेपावते असं वाटतं. त्या झेपेची सवय मोकळ्या जागेतच झालेली बरी. नवऱ्याला तिथल्या मुलाने मोटरचा जोर सगळ्यात कमीवर ठेवून दिला आणि चढ आला तरच वाढवा म्हणाला. उत्तम सल्ला. बॅटरीची काळजी करायची वेळच आली नाही.

उलट दिशेने, म्हणजे आधी सायकल आणि मग बोट, असंही करता येतं. मी तसं करू नका म्हणेन. बोट पकडायची घाई डोक्यात असली की काठावर कुठे थांबवत नाही, आणि ज्या रस्त्यावर कुणी घाई करत नाही तिथेही माणूस घड्याळ बघत राहतो. दुसरं, इकडचा वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. पश्चिमेकडच्या टोकाहून निघालात तर तो पाठीशी राहतो. 21 किलोमीटर पाठीवर वारा घेऊन जाणं आणि छातीवर घेऊन जाणं यात वयाचा फरक पडतो.

स्ट्रोनाखलाखरला धक्क्यालगत कॅफे आहे. तिथे गरम सूप, स्कोन, चहा असं खाऊन घ्या, कारण पुढे ट्रॉसॅक्स पियर येईपर्यंत दुकान नाही. पाण्याची बाटलीही भरून घ्या. आणि एक कळकळीचं सांगणं: तलाव कितीही निवळ दिसला तरी ओंजळीने पिऊ नका. मेंढ्या गेल्या तरी हरणं आहेत, पक्षी आहेत. ग्लासगोच्या नळाला जे येतं ते गाळून, तपासून आलेलं असतं; हे कच्चं पाणी आहे. नळाला आलेलं पाणी मात्र फार सुरेख. इतकं मृदू की साबण धुतला जात नाही, आणि चहाला असा रंग येतो की पावडर कमी टाकावी लागते. या मृदूपणाचा एक त्रासही होता: जुन्या घरांतल्या शिशाच्या नळांतून शिसं पाण्यात विरघळायचं, म्हणून पुढे पाण्यावर त्यासाठी वेगळी प्रक्रिया करायला लागले. मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही सूप संपवा.

निघाल्यावर पहिला टप्पा तलावाच्या पश्चिम टोकाकडे. धक्क्यासमोर फॅक्टर्स आयलंड हे चिमुकलं बेट दिसतं. रॉब रॉय मॅकग्रेगर हा इथला नामांकित बंडखोर. त्याने 1716 मध्ये ड्यूक ऑफ माँट्रोजच्या वसुली कारभाऱ्याला पकडून या बेटावर डांबून ठेवलं होतं. टोकाला वळसा घातला की ग्लेनगाइल येतं. रॉब रॉय 1671 मध्ये इथलाच जन्मलेला. आजचं घर नंतरचं आहे आणि त्यात लोक राहतात, त्यामुळे रस्त्यावरूनच बघून पुढे व्हायचं. थोडं पुढे पोर्टनेलनला मॅकग्रेगरांचं जुनं कबरस्तान पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या टोकावर आहे. तलावाची पातळी पाणीपुरवठ्यासाठी वाढवत नेली, तेव्हा काठावरची जुनी जमीन आणि वाटा पाण्याखाली गेल्या, हे तिथे उभं राहिलं की नीट उमजतं. शहराला पाणी मिळालं, त्याची किंमत इथल्या काठाने मोजली. धरणाच्या पाण्यावर मोठं झालेल्या कुणालाही ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आणि मग तो रस्ता. ग्लेनगाइल सोडल्यावर आम्हाला मागेपुढे कुणीही नव्हतं. आधी स्वतःच्या सायकलीचे आवाज ऐकू यायला लागतात. चेन कुठे कोरडी आहे, कुठला गिअर कुरकुरतो, टायर ओल्या डांबरावर चिकटून सुटतो तेव्हा कसा चर्र करतो. मग त्यापलीकडचे आवाज येतात. डावीकडून डोंगरावरून उतरणारे ओहोळ. दर थोड्या अंतरावर एक, प्रत्येकाचा आवाज वेगळा, एखादा मोरीतून रस्त्याखालून जातो तर तिथे घुमतो. मे महिन्यात कुक्कू ऐकू येतो, पलीकडच्या काठावरून, पाण्यावरून तरंगत आल्यासारखा. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की मी हँडल बोटांनी नुसतं टेकवून धरलं आहे. खांदे खाली आहेत. मान वळवून तलावाकडे बघत सायकल चालवते आहे, जे मी कॉलेजनंतर कधी केलं नव्हतं. वाटेत एकदाच पाणी खात्याची व्हॅन आली. चालकाने लांबूनच वेग कमी केला, आम्ही रस्ता रुंद होता तिथे कडेला थांबलो, त्याने हात वर केला, आम्ही केला. संपलं.

सपाट रस्ता म्हणून कुणी सांगितलं असेल तर विश्वास ठेवू नका. मधल्या टप्प्यात चढ-उतार एकामागून एक येतात. फार लांब नाहीत, पण काही चांगले उभे आहेत आणि वळणामागे लपलेले असतात. मुलगा पुढून ओरडायचा, “आई, चढ आलाय, गिअर आधीच उतरव!” हे ‘आधीच’ महत्त्वाचं, चढावर जोर लावलेला असताना गिअर बदलायला गेलं की चेन अडकते. दोन चढांवर मी उतरून सायकल हातात घेतली आणि ते मला अजिबात कमीपणाचं वाटलं नाही, कारण चालताना उंचावरून तलावाचा सगळ्यात मोठा पट्टा दिसला. नवरा मोटर वाढवून शेजारून निघून गेला. “अहो, उतारावर ब्रेक दाबून,” मी म्हटलं. “अगं, दाबलेलेच आहेत,” असं उत्तर वळणापलीकडून आलं. उतारांवर खरंच जपावं लागतं. डांबरावर वाळलेली पानं, बारीक खडी, क्वचित पाण्याचा ओघळ असतो, आणि वळणापलीकडे कुत्रा घेऊन चालणारं कुणी असू शकतं.

कॅटल ग्रिडबद्दल सविस्तर सांगते, कारण नवख्या माणसाची गाडी तिथेच अडते. जनावरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून रस्त्याच्या रुंदीभर उथळ खड्डा खणून त्यावर लोखंडी नळ्या आडव्या बसवलेल्या असतात, मध्ये मोकळ्या फटी. गाय पाय टाकत नाही, चाक जातं. दिसायला मात्र ते पुढचं चाक गिळेल असंच दिसतं. पद्धत अशी: ग्रिडच्या आधीच वेग मध्यम करायचा, सायकल नळ्यांना अगदी काटकोनात आणायची, सीटवरून किंचित उठायचं, पॅडल मारणं थांबवून दोन्ही पाय समपातळीत ठेवायचे, आणि सरळ जाऊ द्यायचं. ब्रेक नाही, वळणं नाही. लोखंड ओलं असेल तर हे दोन्ही नियम दुप्पट पाळायचे. खडड्‌ड्‌ असा आवाज होतो, हाताला मुंग्या येतात आणि आपण पलीकडे असतो. धीर होत नसेल तर कडेला फाटक असतं, त्यातून चालत जा, आणि आठवणीने लावून घ्या.

आता जे त्रासाचं आहे ते. मिज. डासाच्या कितीतरी पट बारीक, डोळ्याला ठिपका दिसावा एवढी माशी. हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, साधारण मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत हिचं राज्य. एक चावली तर काही नाही, पण ती एकटी कधीच येत नाही. ढगाळ, दमट, वारा पडलेली हवा आणि सकाळ-संध्याकाळची वेळ तिला मानवते. वारा ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वर गेला की तिला उडता येत नाही, आणि सायकल सहज त्याहून वेगाने जाते, म्हणून चालत्या सायकलवर त्रास जवळजवळ नाही. थांबलं की घेरतात. डबा खायला आडोशाची, झाडाखालची गोड जागा निवडली की त्यांच्याच घरी जेवायला बसल्यासारखं होतं. वारा लागेल असं उघडं टोक शोधा. पियरच्या थोडा आधी येणारा ब्रेनाखॉइलचा कोपरा त्यासाठी चांगला आहे. अंगाला लावायचं औषध जवळ ठेवा. दुसरा त्रास गोचिडीचा. काठालगत नेच्यांची दाट रानं आहेत, उघड्या पायांनी त्यात शिरू नका, आणि घरी गेल्यावर गुडघ्यामागे, कमरेला तपासून घ्या. इकडच्या गोचिडीमुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. पाऊस तर गृहीतच धरा. छत्रीचा उपयोग नाही, वारा शिरणार नाही असं जाकीट हवं, आणि हातमोजे उन्हाळ्यातही. मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका. पंक्चरचं सामान आणि पंप बरोबर हवा, कारण मदतीला गाडी बोलावता येईल असा हा रस्ता नाही. ज्या कारणासाठी आपण इथे येतो त्याचाच तो दुसरा भाग आहे.

आणखी एक, जाहिराती वाचून जाणाऱ्यांसाठी. तलावाला पूर्ण प्रदक्षिणा होत नाही. दक्षिण काठाला बेन व्हेन्यूचे कडे सरळ पाण्यात उतरतात, तिकडे सलग रस्ताच नाही. प्रदक्षिणेचा हट्ट असेल तर स्ट्रोनाखलाखरहून लॉख ॲर्डवरून ॲबरफॉइलला जाऊन डोंगर ओलांडून परत यावं लागतं. ते अंतर मोठं आहे, चढ मोठा आहे आणि बराच भाग गाड्यांच्या अरुंद रस्त्याने आहे. मुलगा करून आला, त्याला आवडलं. माझ्यासाठी नाही. बोटीने एक बाजू आणि चाकांवर दुसरी, यातच मला तलाव पुरेपूर मिळाला.

शेवटचा टप्पा, ब्रेनाखॉइलपासून पियरपर्यंत, सपाट आणि सगळ्यात सोपा, म्हणून सगळ्यात गजबजलेलाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी इथे बाबागाड्या, पहिल्यांदा सायकल शिकणारी पोरं, कुत्री, हातात हात घालून रस्ताभर पसरून चालणारे आजी-आजोबा, सगळे भेटतात. घंटी लांबून एकदाच वाजवा आणि हळू जा. मला ही गर्दी खटकली नाही. चाकं शिकणाऱ्या पोराच्या मागे धावणाऱ्या आईला इथे रस्त्याकडे बघावं लागत नाही, फक्त पोराकडे बघावं लागतं. एक मुलगी आमच्यासमोर पडली, रस्त्याच्या मधोमध बसून रडली, मनसोक्त, आणि उठली. कुणीही कुणाला बाजूला ओढलं नाही.

कधी जावं? मे माझा पहिला पसंतीचा महिना: मिज कमी, झाडांना नवी पालवी, उतारावर ब्लूबेलची निळाई, दिवस मोठा. जूनमध्ये तर रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण मिजही असतात. सप्टेंबरच्या शेवटी नेचे तांबूस होतात आणि माणसं ओसरतात. हिवाळ्यात स्ट्रोनाखलाखरच्या फेऱ्या नसतात, तेव्हा हा बेत जमत नाही. शक्यतो शनिवार-रविवार टाळा, पहिली बोट धरा. दमदार पायांच्या मंडळींना स्ट्रोनाखलाखरहून लॉख आर्कलेटच्या काठाने इनव्हरस्नेडपर्यंत जाऊन यायलाही वेळ मिळतो. ज्या वाटेने घोड्यांनी बोटीचे तुकडे ओढले तीच ही वाट, फक्त तिथे गाड्या असतात.

वाऱ्यामुळे किंवा दुरुस्तीमुळे बोट रद्द झाली तर दिवस वाया गेला असं समजू नका. पियरहूनच सायकल घ्या आणि काठाने ब्रेनाखॉइलपर्यंत जाऊन या. चढ नाही, एलन्स आयल आणि बेन व्हेन्यू पूर्ण वेळ समोर, आणि दुखऱ्या गुडघ्यालाही झेपेल एवढंच अंतर. लहान मुलं बरोबर असतील तर बोट असली तरीसुद्धा मी हाच बेत सुचवेन.